घर नावाचं बटण

शिडीच्या चौथ्या पायरीवर ज्याचे पाय लटपटतात
तो माझा नवरा, बोगोमिर,
एकशेदहा मीटरवरून तळं बघतो.
आमचं धुराडं साफ करायला शेजारचा पोरगा येतो.

लाकडाच्या गिरणीनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली,
आणि सव्वीस वर्षांनी निरोपाचे पैसे दिले.
त्यात त्यानं ड्रोन आणला. मी फ्रीज म्हणत होते.
"अंगठे शाबूत आहेत ना," म्हणाला, "याला अंगठेच लागतात."
आमच्या घरचा अंगठेबहाद्दर.

आमचं तळं सांगून पटायचं नाही.
एप्रिलात असतं, ऑगस्टात नसतं.
जमिनीच्या पोटात विवरं आहेत, त्यांतून
पाणी खाली निघून जातं, कुणाला न सांगता.
मासे चिखलात तोंडं आपटत राहतात
आणि पुढच्या महिन्यात तिथंच गवत कापायला माणसं उतरतात.
समोरचं गाव ओतोक. ओतोक म्हणजे बेट.
निम्मं वर्ष बेट, निम्मं वर्ष नुसतं टेकाड,
नाव मात्र बाराही महिने तेच.

बोगोमिरला याचे फोटो हवेत.
माणूस नको. गाडी नको. विजेची तार नको.
ऊन तिरपं हवं, बर्फ स्लिवनित्साच्या फक्त टोपीवर.
मी गाडीत थर्मास घेऊन बसते.
बॅटरी बावीस मिनिटांची.
लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली,
सलग बावीस मिनिटं त्यानं माझ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही.
तक्रार नाही. मीही टाके मोजत असते.

एप्रिलात हट्ट धरला, होडीतून उडवायचा.
मी वल्ह्यावर, तो फळीवर उकिडवा, मांडीवर पडदा.
दर पाच सेकंदांना एक फोटो, असं लावून ठेवलेलं.
ड्रोन उठला, माशीसारखा गुणगुणला, दिसेनासा झाला.
आणि पडद्यावर मी पहिल्यांदाच नीट पाहिलं:
पाण्याखाली गेल्या वर्षीच्या गाडीवाटा,
बुडालेल्या कुंपणाचे खुंट, उसवल्या शिवणीसारखे.
"थांब, ते माझ्या भावाचं कुरण!"
"रंग बघ गं," तो म्हणाला, "रंग."

मग वारा फिरला. बॅटरी लाल.
त्यानं परत बोलावण्याचं बटण दाबलं,
त्यावर इवलंसं घर काढलेलं असतं.

यंत्र हुशार, पण शब्दाचं पक्कं:
जिथून उडालं ते घर.
आम्ही तोवर साठ-सत्तर हात वाहवत आलेलो,
दोघांच्याही ध्यानात नाही.
तिकडे ते उतरू लागलं,
सावकाश, विश्वासानं,
कोऱ्या पाण्यावर.

"व्हिदा!"
मुलगी झाली तेव्हाही इतक्या जोरानं हाक मारली नव्हती.
मी वल्हं मारलं. संधिवात, खांदा, सगळं बाजूला ठेवून मारलं.
पुरुषभर उंची उरली तेव्हा होडी त्याच्याखाली शिरली,
आणि शिडीला घाबरणारा तो
हलत्या फळीवर ताठ उभा, उरलेली आठ बोटं वर पसरून.
धरलं. बाही फाटली.
मग दोघंही होडीच्या तळाशी,
साचलेल्या पाण्यात बूड ओलं करून,
आधी भांडलो, मग हसलो, मग परत थोडं भांडलो.

संध्याकाळी तो फोटो निवडत बसला.
शेवटच्यात दोन चेहरे, वर बघणारे, तोंडं उघडी,
त्याच्या टकलावर ऊन, माझ्या दातांतली फट,
मागे होडीनं पाण्यावर ओढलेली वेडीवाकडी रेघ.
"हा काढून टाकतो. देखावा झाकला गेलाय."
मी म्हटलं, काढ.
तो चुलीत लाकूड सारायला उठला, परत आला, पुढचा बघू लागला.
पुढचा नव्हताच.
अजून काढलेला नाही.

ऑगस्टात तळं गेलं.
कापणीला भावाकडे गेले तेव्हा
विळा टेकून मी अंदाज घेतला:
टेकाडापासून इतकं, खुंटांपासून तितकं.
इथंच कुठंतरी, गुडघाभर गवतात,
त्या यंत्राचं घर आहे.